चष्मा तयार आहे

३ फेब्रुवारी
आजपासून नियमित रोजनिशी. साखर बंद. गिऱ्हाइकांवर चिडणंही बंद.

चार जणांना मेसेज केले, ‘तुमचा चष्मा तयार आहे. घेऊन जाणे.’ हे काम मी कुणावर सोपवत नाही. आमच्या दुकानाचं नाव आहे ते काही उगाच नाही.

दुपारी दादाचा मेसेज. ‘वाचलं. डोळे भरून आले रे.’ काय वाचलं? मी काहीच पाठवलेलं नाही. सेंट मेसेज तपासले, दादाला एकही नाही. बाबा गेले त्या दिवसापासून आम्ही भाऊ बोलत नाही. तेव्हा दादा चारचौघांत म्हणाला होता, की मी बाबांचा चष्मा दुरुस्तीला म्हणून नेला आणि ड्रॉवरमध्ये टाकून विसरलो, आणि बाबा शेवटचे महिने पेपर नाकाला लावून वाचत राहिले. वास्तविक त्याचा स्क्रू बाजारात मिळत नव्हता. विषय तत्त्वाचा आहे.

असो. शेवटी दादाच नमला.

४ फेब्रुवारी
चहात साखर घेतली. झोप झाली नव्हती.

पुन्हा दादा. ‘तू एवढ्या मोकळेपणाने मान्य केलंस, आता माझ्याही मनात काही नाही.’ मी? मान्य? काय?

मोबाइल कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, कुणीही तुमचा नंबर घालून मेसेज पाठवू शकतं. समोरच्याला तो तुमच्याच नावाने दिसतो, तुमच्या फोनमध्ये काही उमटत नाही. उत्तर मात्र तुम्हाला येतं. सांगत अशी होती, जणू हवामानाचा अंदाज. उद्या पोलिसांत जाणार म्हणजे जाणार.

हिला सांगितलं. ही म्हणाली, जो कोणी पाठवतोय त्याला एकदा जेवायला बोलवा.

६ फेब्रुवारी
पोलिसांत गेलो नाही. दुकानात गर्दी होती. (दोघं. त्यातला एक पत्ता विचारायला.)

दादाचा मेसेज. ‘सोमवारी बायपास. तू म्हणालास तसा त्याआधी बाबांचा चष्मा नीट करून घेऊन ये. एकदा हातात घ्यायचाय. वाट बघतोय.’

दादाच्या हृदयाला काही झालंय हेच मला माहीत नव्हतं. त्या माणसाला माहीत आहे. चष्म्याचंही माहीत आहे. माझ्या नावाने कुणीतरी माझ्या घरात ये-जा करतंय, आणि सगळे त्याच्याशी माझ्यापेक्षा बरं वागतायत.

दुकानात आरसेच आरसे. आज एकातही पाहिलं नाही. मान वर केली तर तो आधीच बघत असेल अशी भीती वाटली. खरंच वाटली.

ड्रॉवर उघडला. बंद केला.

७ फेब्रुवारी
निर्णय झाला. खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं. तीन वेळा खोडून लिहिलं, ‘दादा, आधीचे मेसेज मी केलेले नाहीत. चष्म्याचा स्क्रू मिळत नव्हता, त्यात माझी चूक नाही. तरी ऑपरेशनसाठी शुभेच्छा.’ सभ्य आणि मुद्देसूद. पाठवून हलकं वाटलं.

जेवताना उत्तर आलं. ‘अरे, सांभाळ. कुणीतरी तुझ्या नंबरवरून खोटे मेसेज पाठवतंय. आत्ताच एक आला, अगदी तू पूर्वी बोलायचास तसा. मी लगेच ओळखलं आणि डिलीट केला. तू आता तसा राहिला नाहीस.’

ताट बाजूला सारलं. मग लिहिलं, ‘हो दादा. तो खोटा होता.’

‘माहीत होतं,’ दादाने कळवलं.

८ फेब्रुवारी
चष्मा आजच करणार होतो. रविवार, दुकान बंद. किल्ली माझ्याच खिशात असते हे खरं, पण डोळे चुरचुरत होते. घाईत काम बिघडतं.

उद्या पहाटे दुकान उघडायचं, चष्मा नीट करायचा, आणि ऑपरेशनच्या आधी दादाच्या हातात. पक्कं. गजर लावला आहे.

९ फेब्रुवारी
गजर वाजला होता म्हणे. मी बंद केल्याचं आठवत नाही. त्याने केला असेल.

तसाच हॉस्पिटलकडे धावलो, चष्म्याविना. दादाला आत नेलं होतं. वहिनी बाकावर, मांडीवर दादाचा फोन. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, भाऊजी, ते मेसेज मी पाठवत होते. कुणाच्याही नंबरवरून पाठवता येतात हे भाच्याने गंमत म्हणून दाखवलं होतं. तुम्ही काही लिहिणार नाही हे ठाऊक होतं, आणि ह्यांच्या तोंडी रोज तुमचंच नाव. उत्तरं तुम्हाला जातात हे मला कळलंच नाही. चष्म्याचं तेवढं लिहायला नको होतं. आत नेताना दारापर्यंत मान वळवून बघत होते, तुम्ही आलात का.

फोन घेऊन ‘मी’ लिहिलेलं सगळं वाचून काढलं. बाबांबद्दल, लहानपणाबद्दल. माफी तर किती सरळ मागितली होती. चांगला माणूस आहे. मला त्याचा हेवा वाटला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. दादा गेला.

१४ फेब्रुवारी
दुकान उघडलं. ड्रॉवरमधून बाबांचा चष्मा काढला. स्क्रू सोबतच्या छोट्या पाकिटात होता. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘बाबा, डावी काडी’.

दोन मिनिटांचं काम.

काचा पुसल्या. मग दादाच्या नंबरवर मेसेज केला. मीच केला, सेंटमध्ये दिसतोय.

‘तुमचा चष्मा तयार आहे. घेऊन जाणे.’