खुराड्यातलं सारवण

बा, काल शहापूरला जनावरांच्या दवाखान्यात तुझी आठवण आली. मी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कबुतराची शीट घेऊन गेले होते. सून, जी आता हे लिहून घेतेय, रिक्षात म्हणाली, "आई, कोणी विचारलं डबीत काय, तर?" म्हटलं, "सांग, माहेरचा अंगारा हाय."

तुझ्यासारखीच मीही सापगावात कबुतरं पाळते. दाणे पोटभर खातात, तरी छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागतं. शीट हिरवी, पाण्यासारखी. आपल्या मुरबाडकडच्या घरी तुझ्या कबुतरांचं असंच झालं होतं. एकेक करून पंख टाकून बसली. शेवटची मादी मेली तेव्हा तू तिला मांडीवर घेऊन बसला होतास, आणि मला म्हणालास, "दाणे तूच खाल्लेस गो. माझी पाखरां उपाशी मारलीस." मी असेन दहा वर्षांची. मग कितीतरी दिवस तू माझ्याशी बोललाच नाहीस. पाखरांपेक्षा ते मला लागलं. तू गेलास, तरी तो आळ माझ्यावर तसाच राहिला.

काल डॉक्टरने ती शीट काचेवर घेतली आणि मला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. आयुष्यात अक्षर वाचलं नाही, पण ते दिसलं मला. लांबट, जाड सालीचे दाणे. "आजी, ही जंतांची अंडी. आतड्यात जंत झालेत, खाल्लेलं अंगाला लागणार कसं?" ऐकलंस, बा? उपाशी नव्हती तुझी पाखरं.

मी खुशीत आले, तर त्याने विचारलं, दाणे कुठे टाकता? म्हटलं, सारवलेल्या जमिनीवर. तो म्हणाला, तिथेच घोळ आहे. अंडी शिटेतून पडतात, ओलीत वाढतात, दाण्यांबरोबर परत पोटात जातात. आणि मी तर तेव्हा तुझ्या खुराड्यातही शीट न खरवडता वरूनच शेणाचा हात फिरवायची. आय शेजारणींना दाखवायची, पोरीचं सारवण कसं चकचकीत. आता पाण्यातून औषध द्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा, जमीन खरवडून कोरडी ठेवायची आणि दाणे ताटलीत.

तुला तेव्हा कोण सांगणार होतं हे? पाखरांवर जीव होता तुझा, आणि ओरडायला समोर मीच होते. मला नाय राग आता.

हे पत्र कुठे टाकायचं, ते सूनही विचारत नाही. एक मात्र सांगते. निघताना डॉक्टरने विचारलं, "खुराडं सारवायची सवय कुणी लावली, आजी?" तू जन्मात शेणाला हात लावला नव्हतास. तरी मी म्हटलं, "आमच्या बाने."