केशर डोईफोडे नावाची बाई

मी, सुभद्राबाई सुंदरराव काळे, माहेरची केशर आश्रुबा डोईफोडे, वय पासष्ट, राहणार नेकनूर, ता. जि. बीड, पूर्ण शुद्धीवर असून राजीखुशीने हे लिहून ठेवते. कोणाचा दाब नाही. दुखणं पोटात पसरलं आहे, डोक्यात नाही, असं डॉक्टरच म्हणाले.

१. घर, जमीन (कोरड्या विहिरीसह), दागिने आणि दूध संस्थेचे शेअर हे सगळं सुभद्राच्या नावावर आहे. ते माझे पती सुंदरराव आणि मुलगा निवृत्ती यांनी निम्मं निम्मं घ्यावं. भांडून गावाला तमाशा दाखवू नये.

२. केशरच्या मालकीच्या वस्तू दोनच. काचेच्या बरणीत सोन्याचा वर्ख टांगून मी केलेला विद्युतदर्शक, आणि विजेच्या गोळ्यावरचा माझा छापील शोधनिबंध. बहात्तरच्या दुष्काळात मी एम.एस्सी. करत होते आणि सुट्टीत मांजरसुंब्याजवळ खडी फोडायला जात होते. पाऊस नाही, नुसता गडगडाट. पत्र्याच्या शेडात एक पेटता गोळा तरंगत आला आणि विरून गेला. शेजारची छबुबाई म्हणाली, "पोरी, भाकरीच्या दुरडीवरून गेला की गं, पर भाकर जळली न्हाई." तो गोळा कशाचा असतो, हे आजही कुणाला धड सांगता येत नाही. मी खडी फोडणाऱ्या सगळ्या बायकांना विचारून ते मांडलं. ते छापून आलं आणि त्याच वर्षी माझं लग्न झालं.
दोन्ही वस्तू नात जाईला द्याव्यात. तिने लग्नात नाव बदलू देऊ नये. ही अट नाही, विनवणी आहे.

३. लग्नात पितळी ताटात तांदूळ पसरून सुंदररावांनी अंगठीने 'सुभद्रा' लिहिलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला.
पुढे शहाऐंशीच्या दुष्काळात हे दूध संस्थेचे चेअरमन होते. चारा छावणीची गडबड होती. एका रात्री जेवताना म्हणाले, "आज पुण्याचा प्रोफेसर आलता. कोन केशर डोईफोडे म्हणून बाई हुडकत व्हता. म्हनलं, आपल्याकडं न्हाई बा असं कुनी."
मी म्हणाले, "अहो, मीच की ती."
"हाव की! ध्यानातच न्हाई आलं," म्हणाले आणि हसले. त्या माणसाचा पत्ताही विचारून ठेवला नव्हता. त्याला दिलेला चहा मीच आतून पाठवला होता.
बीडच्या कॉलेजात नंतर त्या प्रोफेसरांचं पुस्तक पाहिलं. त्या बाईंचा शोध लागला नाही, बहुधा हयात नसाव्यात, असं त्यात होतं. आता त्या गोळ्याबद्दल लिहिणारे त्यांचंच नाव घेतात. प्रोफेसरवर माझा राग नाही. सुंदररावही खोटं बोलले नाहीत. खोटं बोलले असते तर मी भांडले असते, पण ते खरोखर विसरले होते. त्याचं मला आजही रडू येतं.

४. ते पितळी ताट सुंदररावांना. माझ्या दहाव्याला त्यांनी त्यात तांदूळ पसरून त्याच अंगठीने 'केशर' लिहावं. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. मग त्या नावाने मला एकदा हाक मारावी. तांदूळ चिमण्यांना टाकावेत.

स्थळ: नेकनूर. दिनांक ९ मे २०१६.

सही: केशर

साक्षीदार:
१. मालनबाई, धाकटी बहीण. मला केशरअक्का म्हणणारी आता हीच उरली आहे.
२. रामकिसन, दूध संस्थेचे सचिव. सही करण्याआधी यांनी विचारलं, "काकू, ही केशर कोन?" मी म्हणाले, मीच ती. मग त्यांनी सही केली.