मे महिन्यात घर रिकामं करावं

मी, बनूबाई रघु गायकर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व, निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. पाय गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरचा दाखला जोडलाय. तरी ज्याला शंका असेल त्याने आधी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं.

१. ह्यांच्या भातशेतीवर मी शाळा उभी केली. ती ट्रस्टची, तिचं वाटप नाही. तिथे एकाही शिक्षकाला मी कायम केलं नाही. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर कार्यमुक्त, मे बिनपगारी, जूनला पुन्हा अर्ज. कायम झाला की मास्तर खुर्चीला चिकटतो, हे माझं मत आहे आणि राहील.

२. आरामखुर्ची मुलगा जितेश यास. तो उल्हासनगरला अनुदानित शाळेत कायम आहे आणि वर्गात झोपतो. बसायचं काम तेवढं मन लावून करतो. सून शलाका म्हणते, "बाई, हे कायम व्हायच्या आधीपण झोपायचेच." नवऱ्याची बाजू घेते की माझी खोडी काढते, देव जाणे.

३. शाळेची जुनी पितळी घंटा बाळाजी मास्तर यास. गणित झकास शिकवायचा. लग्न ठरतंय, मुलीकडचे विचारतात, कायम करा म्हणाला. मी एप्रिलला कार्यमुक्त केलं आणि जूनला अर्ज घेतलाच नाही. लग्न मोडलं. आता उल्हासनगरच्या कॅम्प दोनला मोबाईलची कव्हरं विकतो, मला बघून तोंड फिरवतो. दुकान उघडताना वाजवावी.

४. राहतं घर. शलाका माझ्याच शाळेत चौथीला शिकवते, पोरं तिचा पदर सोडत नाहीत. घरी माझं हगणंमुतणंही तीच काढते. म्हणून घरात राहण्याचा हक्क तिला, जून ते एप्रिल. मे महिन्यात घर रिकामं करून किल्ली शाळेचा कारकून प्रमोद याच्याकडे द्यावी आणि जूनला पुन्हा अर्ज करावा. कायम दिलं तर माझ्या फोटोवरची धूळसुद्धा पुसायची नाही.

हे कलम मी तिला एप्रिलच्या शेवटच्या दिवशी वाचून दाखवलं. ती माझे पाय चेपत होती. तिने हात पुसले. म्हणाली, "बाई, मग आज माझाही शेवटचा दिवस. जूनला तुम्ही अर्ज करा, बघते." आणि जांभूळ गावी माहेरी निघून गेली.

जितेशने कौसाबाईला कामाला ठेवलं. तिला मी रोज काढून टाकायची धमकी देते. "काढा ना बाई, दुसरी चार घरं हायत," म्हणते आणि टीव्हीसमोर बसते. काम जायची टांगती तलवार, तरी ढिम्म! सकाळपासून मी ओल्या चादरीवर आहे.

५. कलम चार रद्द. घर शलाकाला कायमचं, बिनशर्त. काल फोन करून तिला तसं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला कायम केलं. तर ती म्हणाली, "बाई, आता कायम केलंत. मग मी कशाला येऊ?"

मेली! तरी कलम असंच राहील. परवा शाळा उघडते. दाराला आतून कडी लावू नको, असं कौसाबाईला सांगून ठेवलंय.

वाचून, समजून, पडल्या पडल्या सही केली.
बनूबाई रघु गायकर

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत सही-अंगठा केला:
प्रमोद, शाळेचा कारकून (हंगामी)
कौसाबाई (डावा अंगठा)

पालेगाव, १४ जून २०२५