रेडिओला दिलेली उत्तरं

माय, तू रेडिओला उत्तरं द्यायचीस, हे मी परवापर्यंत लोकांना गंमत म्हणून सांगत होते. चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकून तो काळा रेडिओ उभा असायचा आणि तू खाली बसून विळीवर मासोळ्या कापत असायचीस. संध्याकाळच्या कार्यक्रमात कोणी साहेब पुनर्वसनावर बोलायला आला की तुझा हात थांबायचा. "प्रत्येक कुटुंबाला सर्व सुविधा दिल्या जातील," असं तो म्हणायचा आणि तू लगेच म्हणायचीस, "कवा देशीन? आमी मेल्यावर?" एरवी तलाठ्यासमोरही पदर सावरणारी तू, रेडिओतल्या साहेबाला मात्र सरळ एकेरीत घ्यायचीस. बाबा बाजेवरून विचारायचे, "त्याले आयकू जाते का व तुयं?" त्यावर तू मासोळी उलटी करत म्हणायचीस, "त्याले नाही गेलं त नाही गेलं. मले त जाते." शेजारच्या बाया तुझी उत्तरं ऐकायला म्हणून ओसरीवर येऊन बसायच्या, मग हळूहळू त्याही द्यायला लागल्या. साहेब एक वाक्य बोलला की आमच्या घरातून सगळ्या मिळून त्याच्यावर तुटून पडायच्या. मी पाटी घेऊन कोपऱ्यात बसलेली असायची, आणि मला वाटायचं, वैनगंगेच्या दोन्ही काठांवर माझ्या मायइतकी धीट बाई नसेल.

आता मीच रेडिओत बोलते. तुला ऐकून हसू आलं असतं. आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक उंच खांब, आवाज आजूबाजूच्या गावांपुरताच जातो. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड गाद्या ठोकल्या आहेत, उन्हाळ्यात आत जीव घाबरतो. दर गुरुवारी संध्याकाळी माझा कार्यक्रम असतो. एखादा अधिकारी नाहीतर पुढारी समोर बसतो, शेजारी फोन असतो, आणि लोक फोन लावून रस्ता, रेशन, ग्रामसभा, जे अडलं असेल ते विचारतात. आलेल्या प्रत्येक फोनला माझा पहिला प्रश्न ठरलेला, "बोला, कुठून बोलता?" एका आजोबांनी निवडणुकीवर मत सांगायचं म्हणून फोन लावला आणि हरवलेल्या म्हशीचं वर्णन करून ठेवून दिला. म्हैस सापडली. त्यांचं मत मात्र राहूनच गेलं.

हे सगळं सांगते आहे ते शाळेसाठी. नव्या गावठाणातली आपली शाळा बंद करायचं चाललं आहे. मुलं कमी आहेत, म्हणून ती कालव्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची. कागदावर हे सोपं दिसतं. पण तिथे जायचा रस्ता रेतीच्या टिप्परांचा आहे, आणि ते टिप्पर माणूस बघून हळू होत नाहीत. वहिनीनं मला स्पष्ट सांगितलं, "मी पोरगीले त्या रस्त्यानं धाडत नाही. घरीच राहीन ते." म्हणजे तुझी नात, जिचं तोंड तू पाहिलं नाहीस, तिसरीत शाळा सोडून घरी बसणार. ती हुशार आहे, माय. वाचायला लागली की तिला हाका मारून उपयोग नसतो.

आणि ती शाळा तू आणलेली आहे. गाव धरणात जाणार म्हणून सगळे दारं-चौकटी उपटत होते, तेव्हा तू एकटी शाळेकडे गेलीस. घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा तारेतून सोडवलास, डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर तो घेतलास आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आमच्या भांड्यांच्या वर ठेवलास. बाबा चिडले, भांडी चेपतील म्हणून. तू म्हणालीस, "भांडे चेपले त चेपले. घंटा वाजली त मास्तर येईन." नव्या जागी आपल्या घराला भिंती नव्हत्या तेव्हापासून ती घंटा निंबाच्या झाडाला टांगलेली आहे. स्वतःचं नाव लिहिता न येणारी तू, ती वाजली की मला घराबाहेर ढकलायचीस.

शिक्षण खात्याचे साहेब गुरुवारी कार्यक्रमाला यायला तयार झाले. माणूस वाईट नाही. आत बसण्याआधी मला म्हणाले, "मॅडम, गावातून हरकतच आलेली नाही. तुमच्या कार्यक्रमात चार लोकांनी बोलून दाखवलं तरी मी कागद थांबवतो. नाहीतर सोमवारी सही होईल." हे असंच काहीतरी होईल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आधीच घरोघर फिरले होते. प्रत्येकानं हो म्हटलं होतं. एका काकानं तर नंबर पाठ म्हणून दाखवला. आणि गुरुवारी फोन वाजला नाही. साहेब बोलत होते, मी त्यांना प्रश्न विचारत होते आणि डोळे फोनवर. मध्ये एक गाणं लावलं, दुसरं लावलं. लाईन बिघडली असेल म्हणून मशीनवर बसणाऱ्या सहकाऱ्याला खूण केली, त्यानं स्वतःच्या मोबाईलवरून लावून पाहिला तर खणखणीत वाजला. तो एकदाच वाजला. कार्यक्रम चालवणाऱ्यानं बाजू घ्यायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी साहेबांचे आभार मानले. जाताना त्यांनी नुसते हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात गेले ती भांडायलाच. पण तिथे मला चहा, पोहे, सगळे खुशीत. गुरुवारी सारं गाव समाज मंदिरात जमलं होतं, कोणीतरी मोबाईलला मोठा स्पीकर जोडला होता. "आमी त सोडलंच नाही त्याले," तुझ्या ओसरीवर येऊन बसायची ती काकू म्हणाली. मग एकेकानं काय काय उत्तर दिलं ते मला म्हणून दाखवलं. साहेब म्हणाले अंतर जास्त नाही, तर काकू म्हणाली होती, "तू चाल ना बापा पावसाळ्यात, लेकरू कडेवर घेऊन." साहेब म्हणाले मोठ्या शाळेत सोयी आहेत, तर कोणी म्हणालं होतं, "सोयी तिकडं, लेकरू टिप्पराखाली." इतक्या वर्षांत माझ्या कार्यक्रमात कोणी इतकं नेमकं बोललं नाही. मी विचारलं, "मंग फोन काहून नाही लावला?" काकू रिकाम्या कपबशा गोळा करायला लागली. शेवटी वहिनी हळूच म्हणाली, "फोनात नंबर दिसते ना बाई. प्लॉटचा कागद अजून कोनाच्या नावावर झाला नाही. उद्या नंबर काहाडून कोनी अडवला म्हंजे?" काकूला वाटलं मी रागावले, म्हणून तिनं कौतुकानं सांगितलं, "तुयी मायही अशीच बोले. तिच्याच पासून शिकलो आमी."

तेव्हा मला तो दिवस आठवला, माय. इतकी वर्षं तो कुठे गेला होता कोण जाणे. धरणाच्या भरपाईसाठी घराची मोजणी करायला साहेब आलेला आहे. तू ओल्या हातांनी दाराआड उभी आहेस, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तो ओसरीची लांबी निम्मीच लिहितो, बाबा गप्प, तू गप्प. तो विचारतो, "काही हरकत?" आणि तू मान हलवतेस, नाही. मी तुझं लुगडं ओढते आहे, कारण मला खात्री आहे की आता तू त्याला सोडणार नाहीस. तो गेल्यावर जेवताना मी विचारलं, "रेडिओतल्या साहेबाले त बोलतेस, याले काहून नाही बोलली?" तू माझ्या ताटात भात वाढलास आणि म्हणालीस, "साहेब कागदावर लिवते. रेडिओ लिवत नाही. जेव गुमान." परत त्याबद्दल विचारायचं नाही, हे तुझ्या आवाजावरून मला कळलं होतं.

मला तुझा राग आला आहे. मेलेल्या माणसाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं. तू एकदा, त्या एका दिवशी तरी बोलली असतीस, तर ओसरीवर बसणाऱ्या बायाही ते शिकल्या असत्या. तू त्यांना शिकवलंस ते आवाज पोचणार नाही अशा जागी बोलायला. आणि लगेच ती घंटा आठवते, चुंबळीवरचा तो जड लोखंडाचा तुकडा, आणि तुझ्यावर रागावणारी मी कोण असं होतं. शुक्रवारपासून मी नीट जेवले नाही. काय करू, ते विचारायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुला विचारते आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे.

आज रविवार. सकाळी तो कार्यक्रम पुन्हा लागला. मी सहकाऱ्याच्या हातापाया पडून शेवटी फोनची लाईन उघडी ठेवायला लावली होती, काल संध्याकाळी गावात पुन्हा सगळ्यांना सांगितलंही होतं. सगळे पुन्हा हो म्हणाले. मी माझ्या खोलीवर झिंगे निवडत बसले, रेडिओ लावलेला मोबाईल फळीवर डब्याला टेकवून. साहेब म्हणाले, अंतर जास्त नाही. मी म्हणाले, "साहेब, माझी भाची त्या रस्त्यानं जाणार नाही." मोठ्यानं म्हणाले. ते पुढे बोलत गेले आणि मीही त्यांच्या मागे बोलत गेले, शाळा कशी आली, घंटा कोणी आणली, सगळं. माझंच बोलणं माझ्या कानावर आलं तेव्हा हातातले झिंगे परातीत पडले. मी हात पुसले आणि फोन लावला.

सहकाऱ्यानं लगेच उचलला. "हॅलो, बोला, कुठून बोलता?" हा प्रश्न मी किती लोकांना विचारला असेल. गावाचं नाव तोंडात आलेलं होतं. मग मला माझा तो दरवर्षी नव्यानं सही होणारा नोकरीचा कागद आठवला, आणि भाड्याची ही खोली. थोड्या वेळानं रेडिओवर तो म्हणाला, "आत्ता एक फोन आला होता, तो कट झाला. ज्यांनी लावला त्यांनी कृपया पुन्हा लावावा, आम्ही थांबलो आहोत." माझा नंबर त्याला दिसलाच असणार, पण त्यानं नाव घेतलं नाही. तो खरंच थांबला. मग गाणं लागलं, आणि कार्यक्रम संपला.

गावातून आजही कोणी फोन केला नाही. उद्या सही होईल. जो एक फोन आला तो माझा होता, माय. त्यानं गाव विचारलं आणि मी ठेवून दिला.