बिनखर्चाचा पडदा

दि. १८ नोव्हेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद. सूनबाईंनाही सांग. मी खुशाल आहे. उजवा गुडघा सोडला तर बाकी सगळं शरीर कामावर वेळेवर हजर होतं. टेलरमास्तर तुझी आठवण काढतात, म्हणजे तुझ्या जुन्या शर्टाच्या मापाची आठवण काढतात. त्यांना माणसं मापानेच लक्षात राहतात.

तुम्ही नवं घर लावलंत तेव्हा मी तुम्हाला बटणांचा एक पडदा करून दिला होता. तुमच्या पाहुण्यांसमोर छाती फुगवून सांगितलं होतं, की बघा मंडळी, एवढं काम झालं पण खर्च शून्य. परवा बसल्या बसल्या त्याचा खरा खर्च मांडला, तो कळवतो. वरची काठी दुकानातल्या मोडक्या स्टँडची. दोरा मास्तरांच्या कपाटात पडून राहिलेला. मधेमधे ओवलेली लाकडी रिळं दोरा संपल्यावर फेकायचीच होती. आणि बटणं, ती एका हिरव्या लांब कोटाची, दोन स्वेटरांची, एका जाकिटाची आणि घरात घालायच्या काही गाऊनची. हे सगळे कपडे अजून माझ्या कपाटात टांगलेले आहेत. फक्त त्या दिवसापासून त्यातला एकही बंद होत नव्हता.

असो. तू रविवारी सांगितलंस ते लक्षात आहे. माझ्यासाठी खोली तयार आहे, भिंतींना नवा रंग दिलाय, खिडकीतून झाड दिसतं, दुकानाला चांगलं गिऱ्हाईक चालून आलंय, तेव्हा महिनाअखेरीपर्यंत काय ते ठरवा. एवढ्यासाठी पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर हो-नाही सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण फोनवर मला तुझा आवाज ऐकू येतो रे. आणि माझे कान तुला माहीत आहेत.

या कानांवरच दुकान उभं राहिलं. डोळे मिटून बसतो, टेबलावर बटण टाक, शिंपल्याचं का शिंगाचं, पितळेचं का प्लास्टिकचं, सांगतो. माणसांचंही तसंच. विकणारा भाव सांगतो ना, तेव्हा शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज जरासा घसरतो. जेवढा घसरतो तेवढं खाली मागायचं. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही आणि मीही कुणाला शिकवली नाही. आजवर सांगितल्या भावाने मी सुतळीचा तोडासुद्धा घेतलेला नाही. तुझी आई माझ्याबरोबर बाजारात यायला लाजायची. म्हणायची, "मलासुद्धा घासाघीस करूनच आणलं असेल तुम्ही." मी म्हणायचो, "तुझे वडील काही बोललेच नाहीत. घासाघीस करू कुणाशी?" त्यावर ती पाठ फिरवून हसायची. हसताना तिचे खांदे हलायचे.

दुकान आत्ताचं तुला माहीत आहे. आधीचं तू पाहिलंस, पण तुला आठवायचं नाही. मी घरोघर फिरून जुने कपडे गोळा करायचो. त्यातले बरे असतील ते धुऊन, शिवून, इस्त्री करून विकायचे. फाटके असतील त्यांच्या चिंध्या कारखान्यांना जायच्या, यंत्रं पुसायला. चिंधीत एक बटण जरी राहिलं तरी यंत्रावर ओरखडा उठतो आणि कारखानदार अख्खं गाठोडं परत पाठवतो. म्हणून बटणं कापायचं काम तुझ्या आईकडे. जमिनीवर बसून कात्रीने टक टक कापायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्या आवाजावर तू झोपायचास. आवाज थांबला की रडायचास. मग ती एका हाताने तुला थोपटायची आणि दुसऱ्या हाताने डब्यात बटणं नुसतीच ढवळत बसायची.

एकसारखी बटणं ती दोऱ्यात ओवून वेगळी ठेवायची, कारण पुरा संच असला की कोटाला भाव येतो. स्वतःच्या कपड्यांना मात्र तिने कधी संच लावला नाही. उरलीसुरली, जोड नसलेली बटणं तिची. त्या हिरव्या कोटाला वरपासून खालपर्यंत एकाला एक जुळणारं बटण नव्हतं. मी म्हणायचो, "बाई, कपड्याच्या दुकानदाराची बायको तू, लोक काय म्हणतील?" ती म्हणायची, "लोक म्हणतील, गर्दी फार आहे कोटावर." दुकान चांगलं चालायला लागल्यावरही तिने तो कोट सोडला नाही.

आता पडद्याचं.

तुम्ही घर घेतलंत तेव्हा तिला जाऊन वर्ष झालं होतं. तुला काय द्यावं ते सुचेना. भांडी तुमच्याकडे होती, भिंतींसाठी तर तुम्ही सजावटवाला माणूस पगार देऊन बोलावला होता. मी कपाट उघडलं, कात्री घेतली आणि बसलो. मास्तर आले, कोट बघितला आणि म्हणाले, "शेठ, हा वहिनींचा ना?" मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही रिळं मोकळी करा." ते समजले. नंतर दुपारभर एकेक रीळ मोकळं करत बसले. माळा ओवताना कुठलं बटण कुठल्याच्या शेजारी आलं तर कसं वाजेल, ते मी ऐकून ठरवत होतो. पितळेशेजारी शिंपला, मग लाकूड, मग पुन्हा पितळ. दारातून माणूस गेलं की डबा ढवळल्यासारखा आवाज व्हावा, एवढीच खटपट होती.

हे तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू पडदा ठेवला असतास, आणि सांगून ठेवायला लावलेली वस्तू मला नको होती. वाटलं, दारातून चार वेळा आत-बाहेर करशील, एक दिवस थबकशील आणि विचारशील, "बाबा, हा आवाज कसला?" म्हणून तिथे सगळ्यांसमोर खर्चाचीच बढाई मारली. ती मला जमते.

पहिले काही महिने फोनवर तुझ्या मागे पडदा ऐकू यायचा. तू बोलत बोलत स्वयंपाकघरात गेलास की खळखळ व्हायची. मी इकडे गप्प बसायचो आणि तुला वाटायचं फोन कटला. "बाबा, आहात ना?" आहे, म्हणायचो. मग एक दिवस ती खळखळ बंद झाली. त्याजागी एक गुळगुळीत, घरंगळता आवाज यायला लागला. चाकांवर सरकणारं काचेचं दार. तसली दारं मी ओळखतो, दुकानाला लावायला एक विकणारा माझ्याही मागे लागला होता. मी तुला सहज विचारलं, "पडदा बरा आहे ना?" तू म्हणालास, "आहे की बाबा, अगदी समोरच." आणि तुझ्या मागून सूनबाई हळूच म्हणाली, "सांगून टाक ना त्यांना एकदा." तिने कुजबुजून म्हटलं होतं. तिला बिचारीला माझे कान अजून नीट माहीत नाहीत.

तेव्हाही मला फार वाईट वाटलं नाही, खरंच. घर तुमचं, दार तुमचं. ठेवला असेल माळ्यावर कागदात गुंडाळून, असं धरून चाललो.

मागच्या रविवारी तू गाडी घेऊन आलास. खूश होतास. जेवताना खोलीचं, रंगाचं, गिऱ्हाइकाचं सांगितलंस. मी पुन्हा विचारलं. का विचारलं ते मलाही ठाऊक नाही, जिभेला सवय लागली होती. तू घास गिळलास आणि म्हणालास, "आहे की. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, कुठे मिळाला म्हणून." मी तुला आणखी वाढलं.

बुधवारी मी कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानाकडे निघालो. ती बाई तुला माहीत आहे. मीच तुला कधीतरी सांगितलं होतं, की ती कशालाही नाही म्हणत नाही, सगळं ठेवून घेते. मी अजून रस्त्याच्या अलीकडच्या बाजूलाच होतो. वारा होता. गाड्या जात होत्या. त्यातून ऐकू आलं. पितळ, शिंपला, लाकूड, पितळ. गर्दीत आपल्या पोराचा खोकला कळतो ना, तसं कळलं. मी तिथेच उभा राहिलो. मागून एक सायकलवाला ओरडला, "आजोबा, रस्ता ओलांडायचाय की राखायचाय?"

बाईने तो मागच्या खोलीच्या दाराला लावला होता.

"या काका, बघा काय आलंय," ती म्हणाली. "हाताचं काम आहे बरं का. मशीनला असली अक्कल नसते."

"कुठून आणलात?"

"मी कुठली आणते? रविवारी एक साहेब गाडीतून देऊन गेले. जेवायची वेळ होती, घाईत होते बिचारे. माणूस सभ्य. मी विचारलं, काय देऊ याचं? तर म्हणाले, काही नको हो, याला खर्चच आलेला नाही. कुणीतरी भंगारातून केलाय."

खर्च आलेला नाही, हे शब्द माझे. ते तू नीट लक्षात ठेवलेस, त्याबद्दल तक्रार कशी करू? 'कुणीतरी' हा शब्द मात्र तुझा स्वतःचा.

डाव्या बाजूच्या तिसऱ्या माळेत, खालून दुसरं, एक तपकिरी बटण आहे. म्हणजे होतं. मी तिथेच वाकून बघितलं. कडेला बारीक खाचा आहेत. तुला दात येत होते तेव्हा तू आईच्या कोटाचं ते बटण चघळायचास. ती तुला कडेवर घेऊन बाजारभर हिंडायची आणि तू तेवढा वेळ त्याला सोडायचा नाहीस. पुढे ते बटण बदलू म्हटलं तर तिने बदलू दिलं नाही. मी ते मुद्दाम खाली ओवलं होतं. तुम्ही जमिनीवर बसून टीव्ही बघता, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर यावं म्हणून.

मी बाईला पडदा काढून बांधून द्यायला सांगितला. ती म्हणाली, "काका, घरात दारं किती आहेत तुमच्या?" मी म्हटलं, "एकच, पण त्यातून येणं-जाणं फार." हसली बिचारी. मीही हसलो. धंद्यातला माणूस आहे, हसता येतं.

पडदा आता राहिला नाही. मी आणि मास्तरांनी तो उसवला. त्यांनी कोट मांडीवर घेतला आणि विचारलं, "शेठ, कुठलं कुठे?" मी न बघता सांगत गेलो. गळ्याशी निळं, त्याखाली शिंगाचं, मग पितळेचं, मग तुझं. काल कोट पुरा झाला. मास्तरांनी वरपासून खालपर्यंत बटणं लावून हँगरला अडकवला आणि लांब जाऊन उभे राहिले. स्वेटरांचं काम चालू आहे.

ते दातांचं बटण या पाकिटात घालून तुला पाठवणार होतो. हातात घेतलंही होतं. मग विचार केला, तुझ्याकडे ते कुठे ठेवशील? आणि इकडे कोटाचं एक काज रिकामं राहिलं असतं.

आता खोलीचं. रंग चांगलाच असेल. झाडही दिसत असेल. मी येत नाही. दुकानही विकत नाही, त्या गिऱ्हाइकाला तसं कळव. रागाने लिहितोय असं समजू नकोस, असं लिहिणार होतो, पण रागानेच लिहितोय. मी तिथे राहायला आलो तर काय होईल ते मला आत्ताच ऐकू येतंय. पाहुणे येतील, आतलं दार हळूच सरकेल, आणि तुम्ही दोघं पलीकडे कुजबुजाल. ती म्हणेल, सांगून टाक ना त्यांना एकदा. आणि तू बाहेर येऊन म्हणशील, काही नाही बाबा, सगळं ठीक आहे. पडद्याला निदान ठेवून घेणारी बाई मिळाली. माझ्यासारखं सामान ठेवून घेणारं दुकान मला अजून कुठे दिसलेलं नाही.

सूनबाईला काही बोलू नकोस. त्या घरात खरं सांगायला निघालेली ती एकटीच होती. तिला म्हणावं, स्वेटर झाले की एक तिच्यासाठी पाठवतो. बटणं जुळणारी नाहीत, चालत असेल तर घाल, नाहीतर परत पाठव. मला परत पाठव, दुसऱ्या कुणाला नको.

फोन करू नकोस. लिहायचं असेल तर लिही. लिहिण्याला आवाज नसतो, तेवढीच तुला सवलत.

लोभ आहे, तीच तर अडचण आहे.

तुझे
बाबा

ता. क. बाईने पडद्याचा भाव सांगितला तेव्हा शेवटच्या शब्दावर तिचा आवाज चांगलाच घसरला होता. मी तिने सांगितला तेवढाच दिला.