रोज किनाऱ्याला लागणारं जहाज

प्रिय माय,
तुझ्या प्रशीलचा जयभीम.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहितो. मी बरा आहे. ताप केव्हाच गेला, तुला कळवलाच नव्हता.

कंपनी बदलली. नव्या कंपनीनं दोन जहाजं दाखवून विचारलं, कोणत्या किचनला जातोस? एक अठरा मजली, चकाचक. वांगी मात्र सगळीकडं काळीच, भरताला आपल्यासारखी हिरवी कुठं मिळत नाहीत. हां, तर मी दुसरं निवडलं. जुनं, लहान आहे, पण रोज किनाऱ्याला लागतं.

मागं मोठंच निवडलं होतं. आबा बोदवड स्टेशनवर सगळ्यांना सांगायचे, "पोराचं जहाज आपल्या फलाटापेक्षा लांबलचक हाये!" ते गेले तेव्हा त्याच जहाजापासून किनारा सहा दिवसांवर होता. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी धाकट्या आकाशनं तिथून लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाहिला. मधेच नेट अडकलं आणि तू मेणबत्ती लावता लावता तशीच थांबलीस.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग.

आता निरोप मिळाला की दोन दिवसांत पोचेन. पण मला बोलवायला काही व्हायची वाट पाहू नको, माय. भरीत केलंय, एवढंच कळव.

तुझाच,
प्रशील