आतून न उघडणारं दार

२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी सकाळी दहाला बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. डावा तर गेलाच. ही तारीख चुकली तर उजवाही वाचणार नाही. म्हणून नीट वाच. टॅक्सी स्टेशनवरच्या रांगेतलीच घ्यायची. आपणहून येऊन बॅग उचलणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. हॉस्पिटल बंद आहे, हललंय, असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे उतर. बाबा विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं खरं आणि पूर्ण उत्तर देणार आणि तू शेजारी बसून मान डोलावणार, हे मला सासरी बसूनही दिसतंय.

पोचल्याच्या दोन ओळी टाक. तोवर घशाखाली घास उतरायचा नाही.

तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं, डोळा वाचला. हे आधी वाच, मग बाकीचं.

तुझं पत्र पाठ होतं गं. पण रांगेपर्यंत जायच्या आतच एकाने बाबांची बॅग उचलली, त्यांना जपून हात धरून गाडीत बसवलं. एवढ्या भल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं बाबाच मला म्हणाले. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी सगळं सांगून टाकलं: पहिलीच खेप, दहाची वेळ, इथे ओळखीचं कुणी नाही. ते हॉस्पिटल कालपासून बंद आहे, आपल्या माहितीतल्या डॉक्टरकडे नेतो, असं तो म्हणाला. बाबांनी त्याचे आभार मानले!

मीटरवर फडकं टाकलेलं. दुकानं संपली, नुसती कुलूपबंद गोदामं लागली. मी हळूच दार चाचपलं, तर आतून कडीच नव्हती. परक्यासमोर बाबांना खोटं पाडायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. साडेनऊ झाले तशी मी तोंडावर रुमाल धरला आणि उलटी होतेय म्हणून ओरडले. सीट खराब होईल म्हणून त्याने शिव्या देत बाहेरून दार उघडलं. मी बाबांना दंडाला धरून ओढत पळाले, गोदामांमध्ये एकच उघडं दुकान दिसलं, त्यात शिरले. बॅग गेली. रिपोर्ट पोटाशी होते.

काचा कापणाऱ्या एका बाईंचं दुकान. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला, उघडंच होतं. तरी बाबांचं आपलं एकच, तो बिचारा थांबला असेल, सांगून तरी येऊ. मी बाबांवर ओरडले, ताई. जन्मात पहिल्यांदा. बाईंनी स्वतः सोबत येऊन पोचवलं, तेव्हा दहाला पाच कमी होते.

आता बाबा पट्टी बांधून पडलेत आणि येईल त्या नर्सला सांगतात, आधी माझ्या मुलीचं पोट तपासा. मला अजून हॉर्न ऐकला तरी धडधडतं. त्यांना खरं सांगू का? सहन होईल त्यांना?

माझ्यावर रागावू नकोस, लोभ आहे तसाच ठेव.

तुझी चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता जिन्यातच बसले. शाळा बुडवायला साधं पोटदुखीचं सोंग जमलं नाही कधी तुला, आणि आता उलटी! शाबास.

बाबांना खरं सांग. गप्प राहणं किती जड होत जातं, ते मला विचार. नऊ वर्षांपूर्वी मी त्याच शहरात मुलाखतीला गेले आणि नापास होऊन परत आले, आठवतं? मी मुलाखतीला पोचलेच नव्हते. ऑफिस हललंय, असं टॅक्सीवाला म्हणाला होता. मला ओरडता आलं नाही. संध्याकाळी त्याने शहराबाहेर उतरवलं, तेव्हा पायात चपलासुद्धा नव्हत्या. आपल्या घरात कुणी खोटं बोलत नाही, म्हणून सगळ्यांना पटलं. बाबा तर महिनाभर माझी समजूत काढत होते.

मी परवा येते. पट्टी पंधराला सोडणार ना? त्याच्या आत सांगायचंय. ते माझ्याकडे बघत असताना मला जमायचं नाही. तू तेवढा वेळ खोलीतच थांब.

तुझीच,
ताई